घोट्याचे टाके : आणखी आठवडाभर कशासाठी?

प्रश्न : घोट्याचे हाड मोडल्याने माझी शस्त्रक्रिया होऊन 14 दिवस झाले. जखम नायलॉनच्या टाक्यांनी शिवली आहे आणि ते आणखी आठवडाभर ठेवायचे आहेत. माझ्या भावाच्या गुडघ्याला स्टेपल मारले होते, ते बाराव्या दिवशीच काढले. माझी जखम भरत नाही, असे समजायचे का?

उत्तर : तसे मुळीच समजू नका. घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर बोट ठेवलेत तर कातडीखाली लगेच हाड लागते. मध्ये ना स्नायू, ना फारशी चरबी. त्यातच पाय खाली सोडला की सूज तिथेच साठते, कातडी ताणली जाते आणि जखमेच्या काठांना रक्त कमी पोहोचते. म्हणून चेहऱ्यावरचे टाके पाचेक दिवसांत काढता येतात, घोट्याचे मात्र दोन ते तीन आठवडे ठेवावे लागतात. तीन आठवड्यांनीही जखमेची ताकद मूळ कातडीच्या साधारण पाव हिश्शाएवढीच असते.

स्टेपलने वेळ वाचतो, हे खरे. परंतु 2010 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या एका विश्लेषणात, हाडांच्या शस्त्रक्रियांच्या 683 जखमा एकत्र तपासल्या असता, स्टेपलच्या जखमांत जंतुसंसर्गाचा धोका टाक्यांच्या तिपटीहून अधिक आढळला. मूळ अभ्यास फार भक्कम नव्हते आणि खुब्याच्या जखमांत हा फरक विशेष ठळक होता, त्यामुळे हा निष्कर्ष घोट्याला जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. विरघळणारे टाके काढण्याचा त्रास नसतो, पण सुजेचा ताण असेल तिथे एकट्या त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही, कातडी चिकटवणाऱ्या वैद्यकीय गोंदाचेही तसेच.

घोट्यासाठी मला ‘ऑल्गोव्हर-डोनाटी’ टाका अधिक भावतो. यात दोरा एका बाजूला कातडीच्या वर येतच नाही, आतूनच वळून परततो. त्यामुळे त्या काठावर फास बसत नाही आणि तिथला रक्तपुरवठा टिकतो. तुमच्या जखमेच्या एकाच बाजूला दोऱ्याची टोचणी दिसत असेल, तर टाका बहुधा हाच असावा.

अर्थात कोणताही टाका सुजेपुढे हतबल ठरतो. पाय हृदयाच्या पातळीच्या वर उशीवर ठेवावा, तंबाखू पूर्ण बंद करावी आणि मधुमेह असल्यास साखर काटेकोर सांभाळावी. काठ काळसर पडले, पाणी किंवा पू झिरपू लागला, अथवा लाली पसरत गेली, तर टाके काढण्याच्या तारखेपर्यंत न थांबता त्याच दिवशी जखम दाखवावी.