जत्रेतल्या नाटकाचा व्हिडिओ लॅपटॉपवर ऐकू येतो पण फोनवर आवाज नाही, टीव्हीवर आरत्या अडकतात, कोडेक पॅक टाकू का?

कोडेक पॅक (चित्र-आवाज उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा, म्हणजे कोडेकचा, गठ्ठा) टाकू नका. हे आधीच सांगतो कारण तुमच्या प्रश्नाखाली अर्ध्या लोकांनी तोच सल्ला दिलाय आणि तुम्ही आज रात्रीच तो टाकून बसाल अशी काळजी वाटते. तुमचा व्हिडिओ प्लेयर व्हीएलसी विंडोजमधले कोडेक वापरतच नाही, त्याचे डीकोडर त्याच्या सोबतच येतात, त्यामुळे बाहेरून पॅक टाकून व्हीएलसीत काडीचा फरक पडणार नाही, उलट विंडोजचा स्वतःचा प्लेयर जो आज बरा चालतोय तो बिघडायची शक्यता जास्त.

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) घुमट आरत्या, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हटलेल्या आरत्या, फोनवर घेतल्यात. देवळाच्या जत्रेतलं नाटक कॅमेऱ्यावर घेतलंय आणि त्याला आवाज साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर ओढून दिला होता. नाटक लॅपटॉपवर हेडफोन लावून ऐकू येतं पण आईच्या आणि काकांच्या फोनवर आवाजच नाही, आरत्या पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर लावल्या की अडकतात, ब्लूटूथ स्पीकर जोडला की घुमटावर हात पडल्यानंतर थाप ऐकू येते, आणि व्हीएलसी काढून परत टाकलं तरी सगळं जसंच्या तसं. मी गोव्यातला, डिचोलीकडचा, आमच्या भागातली नाटकं आणि आरत्या रेकॉर्ड करतो, त्यामुळे हे सगळे प्रकार ओळखीचे आहेत. आणि हे वेगवेगळे चार आजार आहेत, एका गोळीने चारही बरे करायला जाऊ नका. सगळ्यात आधी मूळ फाईली कार्डावरून आणि फोनवरून जशाच्या तशा दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा, आणि जे काही प्रयोग करायचेत ते कॉपीवरच करा. आरती म्हणणारी म्हातारी माणसं पुढच्या चवथीला असतीलच असं नाही, तो आवाज परत मिळत नाही.

आता नाटकाचा आवाज. ही माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि कोणीच तिकडे बघितलं नाही. मिक्सरचं आउटपुट बहुतेक वेळा बॅलन्स्ड असतं, म्हणजे एकच आवाज दोन तारांवरून येतो, एका तारेवर सरळ आणि दुसरीवर उलटा. कॅमेऱ्याचं छोटं माइक-सॉकेट स्टिरिओ असतं, त्याला वाटतं एक तार डावा चॅनेल आणि दुसरी उजवा. मग तुमच्या फाईलमध्ये डावीकडे सरळ आवाज आणि उजवीकडे तोच आवाज उलटा असा रेकॉर्ड होतो. हेडफोनवर दोन कानांना वेगवेगळा पोचतो म्हणून ऐकू येतो, जरा विचित्र लागतो, डोक्याच्या मधोमध काही नाहीच असं वाटतं, पण येतो. ज्या फोनला एकच स्पीकर आहे तो मात्र डावं आणि उजवं एकत्र करून वाजवतो, आणि सरळ अधिक उलटा म्हणजे शून्य. फाईलमध्ये आवाज पूर्ण आहे, मीटर हलतो, पण स्पीकर गप्प, फारतर मागची बारीक खरखर तेवढी उरते. लोक मग फोनला दोष देतात, व्हॉट्सॲपला दोष देतात, फोन फॉरमॅटसुद्धा करतात.

तपासायला एक मिनिट लागतं. लॅपटॉपवर व्हीएलसीत नाटक लावा, वर ऑडिओ मेनूत स्टिरिओ मोड आहे, तिथे मोनो निवडा. आवाज नाहीसा झाला तर हेच कारण, शंकाच नको. मग तिथेच लेफ्ट निवडा, लगेच नीट येईल. कायमचं दुरुस्त करायचं तर दोनपैकी एकच चॅनेल घेऊन मोनो करायचा. ऑडॅसिटी फुकट आहे, त्यात आवाज उघडून स्टिरिओचे दोन मोनो ट्रॅक करा, एक पुसा, उरलेला एक्सपोर्ट करून व्हिडिओला परत जोडा (ऑडॅसिटीत एमपी4 उघडायला एफएफएमपेग नावाचं साधन वेगळं टाकावं लागतं, ते अडलं तर आवाज आधी व्हीएलसीतून वेव्ह फाईल म्हणून काढून घ्या). एफएफएमपेग सरळ वापरता येत असेल तर त्याहून बरं, चित्राला हात न लावता फक्त आवाज बदलता येतो, तासन्‌तास रेंडर करत बसायला नको. दोन्ही चॅनेलची बेरीज मात्र करू नका, तीच तर नको आहे. आणि पुढच्या जत्रेला साऊंडवाल्याला आधीच सांगा की कॅमेऱ्याला लाईन पाहिजे, तो मध्ये ट्रान्सफॉर्मर लावेल किंवा अनबॅलन्स्ड वायर देईल. मिक्सरची लाईन लेव्हल माइकपेक्षा खूपच जोरात असते तेही त्याला सांगा, नायतर आवाज फाटलेला येईल, आणि फाटलेला आवाज कुठल्याच प्लेयरमध्ये शिवता येत नाही.

काकांच्या फोनवर नुसती शांतता नसून 'हा ऑडिओ फॉर्मॅट चालत नाही' अशा अर्थाचा मेसेज येत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तुमचा कॅमेरा एव्हीसीएचडीवाला असेल, म्हणजे फाईली एमटीएस नावाच्या असतील, तर त्यातला आवाज बहुतेक डॉल्बीचा एसी3 असतो. फोनवरच्या एमएक्स प्लेयर या ॲपने परवान्याच्या भानगडीमुळे एसी3 आणि डीटीएस हे आवाजाचे प्रकार काढून टाकले होते, अशा वेळी चित्र दिसतं आणि आवाज नसतो. अँड्रॉइडवर व्हीएलसी टाका, चालेल. फाईलमध्ये नेमकं काय आहे ते बघायचं तर लॅपटॉपवर ती व्हीएलसीत चालू असताना कंट्रोल आणि जे (J) दाबा, चित्राचा कोडेक, आवाजाचा कोडेक, फ्रेम रेट सगळं दिसतं. खरं तर कुठल्याही तक्रारीत मी आधी हीच खिडकी उघडतो, कारण फाईलचं नाव एमपी4 आहे यावरून आत काय आहे ते कळत नाही, एमपी4 हा फक्त डबा आहे.

आरत्या टीव्हीवर अडकतात त्याचं कारण बहुतेक त्या डब्यातच आहे. अलीकडचे बरेच फोन एचईव्हीसीत म्हणजे एच.265 या व्हिडिओ दाबून छोटा करायच्या नव्या पद्धतीत रेकॉर्ड करतात, आयफोनवर तर 2017 च्या आयओएस 11 पासून हे आलं, आणि वर 4के 60 फ्रेम ठेवलं असेल तर एका मिनिटाला सुमारे 400 एमबी होतात. जुन्या फुल एचडी टीव्हीच्या चिपला हे झेपत नाही. पेन ड्राइव्ह नवा घेऊन काही होणार नाही, कारण 400 एमबी मिनिटाला म्हणजे साधारण 50 मेगाबिट सेकंदाला, आणि धड असलेला साधा पेन ड्राइव्हसुद्धा एवढं वाचतो. हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलायच्या प्रोग्रॅममध्ये 1080पी, एच.264, आवाज एएसी असं करून टीव्हीसाठी वेगळी कॉपी बनवा. तिथे फ्रेम रेटपाशी कॉन्स्टंट निवडायला विसरू नका, फोन कमी उजेडात स्वतःच फ्रेम रेट कमीजास्त करतो, आणि आरत्या समईच्या आणि माटोळीखालच्या (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या आराशीखालच्या) पिवळ्या दिव्याच्या उजेडात होतात त्यामुळे हे हमखास होतं. मूळ फाईल तशीच राहू द्या, ती कॉपीपेक्षा नेहमीच चांगली असणार. पुढच्या वेळी आयफोनवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन मोस्ट कंपॅटिबल केलं तर एच.265 ची कटकटच येणार नाही, जागा जास्त लागेल तेवढंच.

लॅपटॉपवरही त्या आरत्या तुकड्यातुकड्यात किंवा हिरव्या चट्ट्यांसकट दिसत असतील तर व्हीएलसीत टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट / कोडेक्समध्ये हार्डवेअर डीकोडिंग (व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) बंद करून बघा. चट्टे गेले तर बहुतेक ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना आहे, तो बनवणाऱ्याच्या साईटवरून अपडेट करा आणि डीकोडिंग परत चालू करा. चट्टे नाहीत, नुसतं अडकतंय आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलाय, तर लॅपटॉपच जुना आहे, इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरांना एचईव्हीसीचं पूर्ण हार्डवेअर नाही, तिथे सेटिंग बदलत बसण्यापेक्षा ती हँडब्रेकची कॉपीच बघा.

आणि तुम्ही व्हीएलसी काढून परत टाकलं तरी फरक पडला नाही ना, ते बरोबरच आहे. अनइन्स्टॉल करताना सेटिंग पुसायची वेगळी टिक असते, ती नाही केली तर जुनी सेटिंग मागे राहतात आणि नवीन व्हीएलसी तीच उचलतं. काढायची गरजच नाही, प्रेफरन्सेसच्या खिडकीत खाली रिसेट प्रेफरन्सेस आहे ते दाबा आणि व्हीएलसी बंद करून उघडा. डाउनलोड करायचंच तर फक्त व्हिडिओलॅनच्या साईटवरून करा. हे पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये सुरू केलेलं काम, फुकट आहे, जाहिराती नाहीत, त्यामुळे जिथे पैसे मागतात किंवा सोबत चार भलत्या गोष्टी गळ्यात मारतात ते व्हीएलसी नव्हे.

घुमटाची थाप उशिरा येणं. इथे एकच प्रश्न स्वतःला विचारा, फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो की वाढत जातो? तेवढाच राहतो आणि फक्त ब्लूटूथवरच होतो तर फाईल ठणठणीत आहे. ब्लूटूथला आवाज बांधून पाठवायला आणि पलीकडे सोडवायला वेळ लागतो, साध्या स्पीकरला सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. बोलण्यात तो खपून जातो पण घुमट आणि त्याच्या साथीच्या शामेळ या वाद्याच्या वादनात डोळ्याला लगेच खुपतो. व्हीएलसीत कीबोर्डवरचं जे (J) दाबलं की आवाज लवकर येतो, के (K) दाबलं की उशिरा येतो, एका दाबाला 50 मिलिसेकंद. थापेकडे बघत जे दाबत जा, जुळेल. किंवा सरळ वायर लावा, मी तरी आरत्या वायरवरच ऐकतो, शामेळाचा बारीक ठेकाही नीट ऐकू येतो.

हाच प्रकार नाटकाच्या बाबतीत वायरवरही दिसू शकतो, जर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर आवाज घेतला असेल तर. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 17 मीटरला 50 मिलिसेकंद. राजांगणाच्या (देवळासमोरच्या अंगणाच्या) मागच्या टोकाला कॅमेरा लावून झूम केलं की चित्रात नट समोर असतो आणि आवाज मात्र 30-35 मीटर चालून आलेला असतो, जे चे दोन दाब सरळ तिथेच गेले. त्यात काही बिघडलेलं नाही. पण फरक वाढत जात असेल, पहिल्या अंकात ओठ जुळतात आणि तिसऱ्या अंकात पात्र तोंड मिटून बोलतंय, तर एकतर फ्रेम रेट बदलता आहे नायतर आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता आणि दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालली. तिथे जे-के चा उपयोग नाही, एडिटिंगमध्ये आवाज अंकाअंकाला तोडून परत बसवावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण होतं.

एक बारीक गोष्ट राहिली, तुम्ही विचारली नाहीत पण तुमच्या कार्डाचा जो फोटो टाकलाय त्यात शेवटची फाईल उघडत नाही असं दिसतंय. रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली होती का? कॅमेरा ॲडॉप्टरवर असेल आणि लाईट गेली तर चित्र-आवाज कार्डावर उतरलेले असतात, पण कुठली फ्रेम कुठे आहे त्याची यादी एमपी4 मध्ये साधारणपणे शेवटी लिहिली जाते, ती लिहायची राहून जाते आणि प्लेयरला फाईल वाचताच येत नाही. ते कार्ड आता बाजूला काढून ठेवा, त्यावर पुढचं काहीही रेकॉर्ड करू नका, आणि फॉरमॅट तर अजिबात नको. अनट्रंक नावाचं फुकट साधन आहे, त्याला त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगला घेतलेली एक चांगली फाईल दाखवली की ती बघून ते तुटलेल्या फाईलची यादी परत बनवतं. सगळ्या वेळी पूर्ण जमत नाही पण बराच भाग परत आलेला मी बघितलाय. मात्र त्या फाईलचा आकार शून्य दिसत असेल तर ते साधन चालणार नाही, तिथे आधी कार्डावरून डेटा रिकव्हरी करावी लागेल.

मोनोची टेस्ट आजच करा, आणि कंट्रोल-जे च्या खिडकीचे दोन फोटो, एक नाटकाचा आणि एक आरतीचा, इथे खाली टाका. ते बघून हँडब्रेकमध्ये कुठे काय निवडायचं ते मी नेमकं लिहून देतो.