वह्या रद्दीत गेल्या, आता नुसती समीक्षाच लिहू का?

सांगलीच्या ताईंस,

घराला रंग काढताना मुलानं माळ्यावरचं सामान रद्दीवाल्याला दिलं आणि त्यात तुम्ही बांधलेल्या अभंगांच्या चालींच्या वह्या गेल्या. तेव्हापासून त्याच्याशी धड बोलणं नाही, पेटीला हात नाही. उरलंय ते स्थानिक दैनिकातलं मैफलींवरचं सदर. ‘आता जन्मभर दुसऱ्यांच्याच गाण्यावर लिहायचं का?’ असं तुम्ही विचारता.

‘जाऊ दे, नवीन करा’ असं मी म्हणणार नाही. गेलं ते फार मोठं गेलं.

पण नोरा होल्ट यांच्याबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या या कृष्णवर्णीय संगीतकार ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात संगीतावर लिहायच्या. 1918 मध्ये त्यांनी संगीतात मास्टर्स पदवी घेतली. त्या देशात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय मानल्या जातात. पुढे त्या परदेशी गायला गेल्या, पॅरिस, लंडन, थेट शांघायपर्यंत. जाताना सुमारे 200 रचनांची हस्तलिखितं गोदामात ठेवली होती. परतल्यावर पाहतात तर सगळी चोरीला गेलेली. पदवीसाठी वाद्यवृंदाकरता लिहिलेली रचनासुद्धा.

वाचलं ते त्यांनी स्वतः काढलेल्या ‘म्युझिक अँड पोएट्री’ मासिकात 1921 मध्ये छापलेलं तेवढंच. पियानोवरचं ‘नीग्रो डान्स’ आजही वाजवता येतं ते त्या छापील पानांमुळे. लोकांच्या हाती गेलं, म्हणून राहिलं.

तुमच्या चालीही लोकांकडे गेल्या आहेत, ताई. भजनी मंडळातल्या बायका आषाढीला तुमचीच चाल म्हणतात, हे तुम्हीच लिहिलंय. त्यांना घरी बोलवा. एकीला धृपद आठवेल, दुसरीला अंतरा. अडेल तिथे पेटी तुम्हीच पुढे ओढाल. रेकॉर्डिंगला मुलाला बसवा. त्या वह्यांत काय होतं हे त्याला ठाऊकच नव्हतं, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. त्याला ते ऐकू दे. आणि स्वरलिपी लिहून झाली की त्याच दिवशी फोटो काढून शिष्यांना पाठवा.

सदराबद्दल मात्र तुमच्याशी भांडणार आहे. सगळं गेल्यावरही होल्टबाईंनी न्यू यॉर्कच्या ‘ॲमस्टरडॅम न्यूज’मध्ये समीक्षा लिहिली, आणि 1945 मध्ये तिथल्या संगीत समीक्षकांच्या मंडळावर आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या. रेडिओवर त्यांनी कृष्णवर्णीय कलाकारांचा महोत्सव भरवला. याला मी दुय्यम काम कसं म्हणू? तुमच्या कात्रणात, गायिकेनं ‘विठ्ठला’वर तान घेताना शब्द मधेच फोडला आणि अर्थ सांडला, असं लिहिलंय. अभंगाला चाल लावलेल्या माणसालाच हे चटकन खटकतं. सदर सोडू नका.

पहिली बैठक येत्या एकादशीलाच ठेवा. तेव्हा सगळ्याजणी तशाही जमतातच.