शब्दावर दर लावू नका

टॉपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची चौथी लेव्हल झालीय, सोलच्या एका कंपनीने व्हरायटी शोच्या क्लिप्सना इंग्रजी शीर्षकं लिहायला विचारलंय, आणि शब्दाला किती सांगू हा तुमचा प्रश्न. शब्दावर दर सांगूच नका. माझ्या पहिल्या कामाला मी सांगितला होता. सत्तर मिनिटांचा भाग, शीर्षक पाच शब्दांचं. हिशेब तुम्हीच करा.

हा अनुवाद नाहीच मुळी. नेटफ्लिक्सवर २०२५ मध्ये आलेली कोरियातल्या जेजू बेटावरची मालिका घ्या. मूळ नाव 'पोक्साक सोगात्सुदा'. जेजूच्या बोलीत त्याचा अर्थ 'फार कष्ट घेतलेत', पण सोलच्या कानाला ते 'पार फसलात' असं लागतं. इंग्रजीत नाव दिलं 'व्हेन लाइफ गिव्हज यू टॅन्जरिन्स'. आयुष्याने लिंबं दिली तर सरबत करा अशी इंग्रजीत म्हण आहे, तिच्यातल्या लिंबांच्या जागी जेजूची संत्री ठेवली. मूळचा एकही शब्द उरला नाही, पण बेटही आलं आणि सोसणंही.

क्लिपच्या कामात खरी गोची असते कर्त्याची. 'ग्योल्गुक नुनमुल', म्हणजे 'अखेर डोळ्यांत पाणी'. कोणाच्या? कोरियन सांगत नाही, आपली मराठीही सांगत नाही. इंग्रजी मात्र 'ही' की 'शी' ते विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. नुसत्या स्क्रिप्टवरून मी 'शी फायनली ब्रेक्स डाउन' लिहून मोकळी झाले. रडला होता सूत्रसंचालक, चांगला धिप्पाड गडी! कमेंट्समध्ये दोन दिवस माझी धुलाई चालली होती.

म्हणून दर क्लिपवर लावा, तोही लांबीप्रमाणे. त्यात तीन पर्याय आणि एकदा दुरुस्ती, पुढच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे. यूट्यूब शंभर अक्षरं घेतं, पण मोबाइलवर त्याच्या बऱ्याच आधी कात्री लागते, तेव्हा माणसाचं नाव आणि काय घडलं ते सुरुवातीलाच. 'ओप्पा' (मुलीने मोठ्या भावाला किंवा मित्राला मारायची हाक), 'मुकबांग' (प्रेक्षकांसमोर खाण्याचा व्हिडिओ) खुशाल तसेच ठेवा, ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने २०२१ मध्येच घेतलेत.

वेळेचंही आधीच बोलून घ्या. सोल आपल्यापुढे साडेतीन तास. त्यांच्या सकाळी नऊला हवं म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला.

स्क्रिप्ट पुरेल असं ते म्हणतीलच. व्हिडिओ मागा, वॉटरमार्कवाला का असेना.