लेबल एकाचं, गिटार दुसऱ्याची?

प्रश्न : मी नागपूरला धरमपेठेत राहते. माझी मुलगी क्लासिकल गिटार शिकते. गेल्या ऑक्टोबरमध्ये ओळखीतून कळलेल्या एका गृहस्थांकडून तिच्यासाठी जुनी गिटार 1,80,000 रुपयांना घेतली. पैसे बँकेतून दिले. त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, ‘स्पेनच्या नामवंत कारागिरानं 1971 साली स्वतःच्या हातानं बनवलेली, पाठ आणि बाजू अस्सल रोझवूडच्या.’ आत त्या कारागिराचं लेबल आहे. मे महिन्यात वरच्या फळीला तडा गेला. दुरुस्तीवाल्यानं आत आरसा घालून दाखवलं, तर पाठ प्लायची निघाली आणि लेबलभोवती आधीच्या मोठ्या लेबलच्या डिंकाचा डाग दिसला. विक्रेते म्हणतात, ‘बघून घेतलीत, जशी आहे तशी दिली. मलाही अशीच मिळाली होती.’ पैसे परत मिळतील का? ग्राहक मंचात जाऊ की पोलिसांत?

उत्तर : आधी एक कळकळीची विनंती. गिटार आहे तशीच राहू द्या. लेबल सोलू नका, तडा बुजवू नका. आतले-बाहेरचे फोटो काढून घ्या आणि दुरुस्तीवाल्याकडून त्यानं जे पाहिलं ते सही-तारखेसह लिहून घ्या. पुढे न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायची त्याची तयारी आहे का, तेही आत्ताच विचारा.

ग्राहक आयोगाचा (पूर्वीचा ग्राहक मंच) रस्ता बहुधा बंद आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात समोरचा माणूस विक्रीचा धंदा करणारा असावा लागतो. घरातली एक गिटार विकणारा गृहस्थ त्यात बसत नाही. ते नेहमी वाद्यं घेतात-विकतात असा पुरावा मिळाला तर मात्र नागपूरच्याच जिल्हा आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येईल.

तुमचं खरं बळ त्या व्हॉट्सॲप संदेशात आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 15 सांगतं की वर्णनावरून माल विकला, तर माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. हे कलम दुकानदारापुरतं नाही, खासगी विक्रेत्यालाही लागू आहे. विक्रेत्याला सत्य माहीत होतं की नव्हतं, याचाही इथे प्रश्न येत नाही. तुम्ही गिटार हातात घेऊन पाहिलीत म्हणून वर्णनाची जबाबदारी संपत नाही. ‘जशी आहे तशी’ हे शब्द ओरखडे, झिजलेले फ्रेट, सैल खुंट्या यांच्यापुरते चालतील. कारागीर कोण आणि लाकूड कोणतं, हे ज्यानं लिहून दिलं त्याला आता त्या शब्दांआड लपता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

तरी दोन मुद्दे वेगळे ठेवा. प्लायची पाठ डोळ्यांना दिसते, त्यामुळे ती सिद्ध करणं सोपं. ‘कारागिरानं स्वतः बनवलेली’ हे खोडून काढणं अवघड. माद्रिदच्या रामिरेझ या गिटार बनवणाऱ्या घराण्याचंच पाहा. तिथली कार्यशाळा 1882 पासूनची, आणि घराण्याच्या लेबलखाली बाहेर पडलेल्या कितीतरी गिटार हाताखालच्या कारागिरांनी बनवलेल्या. काहींत त्यांच्या आद्याक्षरांचे शिक्केही सापडतात. म्हणजे लेबलवरचं नाव आणि रंधा चालवणारा हात वेगळे असूनही वाद्य अस्सल असू शकतं. म्हणून विक्रेत्याला पाठवायच्या नोटिशीत लाकडाचा मुद्दा पहिला घ्या, लेबलाचा दुसरा. कारागिराची कार्यशाळा चालू असेल तर लेबलचा फोटो आणि क्रमांक पाठवून त्यांना विचारा. त्या उत्तराचा वाटाघाटीत मोठा उपयोग होतो.

आता पैशाचं. तुम्ही गिटार कित्येक महिने वापरली. कायद्याच्या भाषेत हा ‘स्वीकार’ ठरू शकतो, आणि मग मालविक्री कायद्याच्याच कलम 13 व 59 प्रमाणे गिटार परत न करता किमतीतला फरक मागावा लागतो. वर्णनाप्रमाणे असती तर किती किंमत होती आणि आहे तशी किती आहे, तो फरक. इंग्लंडमध्ये 1950 साली एक प्रकरण गाजलं. जॉन कॉन्स्टेबल या नामवंत इंग्रज चित्रकाराचं म्हणून घेतलेलं चित्र त्याचं नाही, हे 5 वर्षांनी उघड झालं, पण इतक्या उशिरा व्यवहार रद्द करायला न्यायालयानं नकार दिला. असे निवाडे आपल्याकडे बंधनकारक नसले तरी मार्गदर्शक मानले जातात, म्हणून यापुढे एक आठवडाही दवडू नका.

सगळी रक्कम परत हवी असेल तर करार कायद्याच्या कलम 17 आणि 19 खाली बहुधा फसवणूक दाखवावी लागेल, म्हणजे विक्रेत्याला खरं माहीत होतं, हे. त्यांनी स्वतः गिटार कुणाकडून, कितीला, कोणत्या वर्णनावर घेतली, हे नोटिशीतच विचारा. या प्रश्नाला उत्तर टाळणाऱ्याकडे न्यायालय संशयानं पाहतं. गिटार परत द्यायची झाली तर तड्याचा वाद निघेल. नागपूरच्या मे महिन्यातली कोरडी हवा पातळ फळीला सोसत नाही. तो तडा विक्रेत्याच्या माथी मारू नका. त्याच्या दुरुस्तीचा खर्च आपणहून वजा करून मागणी करा, तुमची बाजू प्रामाणिक दिसेल आणि ती तशी आहेही.

पोलिसांत आज जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 साठी, म्हणजे फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी, सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू लागतो. लेबल त्यांनीच चिकटवल्याचं दिसलं, तर गोष्ट वेगळी.

वकिलामार्फत नोटीस पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर दाव्याआधी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करून पाहा. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ मिळतं आणि त्यावर अपील नसतं. दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत आहे. संदेश पुरावा म्हणून देताना 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं दोन भागांचं प्रमाणपत्र लागेल, एक तुमचं, दुसरं तज्ज्ञाचं. तेव्हा तो फोन विकू नका, संवाद पुसू नका.

गिटार दुसऱ्याला विकून मोकळं व्हावं असं वाटलं, तर प्लाय आणि लेबलबद्दल कळलेलं सगळं घेणाऱ्याला लिहून द्यावं लागेल. आणि नोटीस जाऊन विक्रेत्याला गिटार पाहण्याची संधी मिळाली की तडा खुशाल दुरुस्त करून घ्या. दाव्यासाठी मुलीचा रियाज थांबवण्याची गरज नाही.