शुगर उतरून माणूस घरातच बेशुद्ध झाला तर ॲम्ब्युलन्सवाले जागेवर उपचार करतात, की नुसतं उचलून दवाखान्यात नेतात?

वडिलांना मधुमेह आहे, रात्री-अपरात्री असं झालं तर काय, या काळजीने तुम्ही विचारलंय. मी पाच वर्षं ग्रामीण भागात ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर होतो. उपचार जागेवरच होतो, पुष्कळदा घरातल्या खाटेवरच. आपल्या राज्यात 2014 पासून 108 ची सेवा आहे आणि त्या गाडीवर चालकासोबत डॉक्टर असतो, त्यामुळे शिरेतून औषध द्यायला दवाखाना गाठेपर्यंत थांबावं लागत नाही.

घरात शिरलं की पहिलं लक्ष श्वासाकडे. माणूस पडला की घाबरून कुणीतरी तोंडात साखर कोंबतं, पाणी पाजतं. दातखीळ बसलेल्या माणसाच्या गालात गुळाचा खडा तसाच सापडतो. तो श्वासनलिकेत गेला तर शुगरपेक्षा मोठं संकट. म्हणून आधी कुशीवर वळवायचं, तोंड साफ करायचं आणि मग बोटाला टोचून शुगर बघायची.

बेशुद्ध असो, बरळत असो, झटके येत असोत की एक बाजू लुळी पडलेली असो, शुगर बघितल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. उतरलेली शुगर कुठल्याही आजाराचं सोंग घेते. एकदा एसटी स्टँडवर ‘पिऊन पडलाय’ म्हणून लोकांनी दोन तास तसंच सोडलेल्या माणसाची शुगर 31 निघाली. दारूचा थेंबही त्याने घेतलेला नव्हता.

मशीनही फसवतं. एका आजींची शुगर 212 आली, पण अंग गार आणि लुगडं घामाने ओलंचिंब. मी सुनेला विचारलं, तर तिने नुकतीच ग्लुकोजची पावडर कालवून त्याच हाताने आजींची बोटं चोळली होती. दुसऱ्या हाताचं बोट पाण्याने धुतलं, कोरडं केलं, परत टोचलं. 28!

अशा वेळी शिरेतून डेक्स्ट्रोज देतात. 25 टक्क्यांची 100 मिलीची बाटली म्हणजे 25 ग्रॅम साखर थेट रक्तात. शीर मोठी आणि पक्की हवी, कारण हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथलं मांस जळतं. म्हणून सावकाश, शिरेवर नजर ठेवून द्यायचं. चार-पाच मिनिटांत पापण्या हलतात, हात उशी चाचपतो, आणि आजी विचारतात, “एवढी माणसं का जमलीत गं?” तो क्षण मी कितीही वेळा पाहिला तरी माझे डोळे भरून यायचे.

पण तिथे काम संपत नाही, आणि तुम्हाला मुख्य सांगायचंय ते हेच. डेक्स्ट्रोजचा जोर थोडा वेळ टिकतो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या मात्र दिवसभर, किडनी कमजोर असेल तर त्याहूनही जास्त वेळ शुगर खाली ओढत राहतात. एका एकादशीला सत्तरीच्या एका आजोबांनी उपास धरला, पण गोळी नेहमीसारखी घेतली. संध्याकाळी शुद्ध हरपली. डेक्स्ट्रोज दिल्यावर उठून बसले, चहा प्यायले, म्हणाले, “आता मला काही झालेलं नाही, दवाखाना नको.” मुलांनी तशी सही दिली आणि मी निघालो. पहाटे साडेतीनला त्याच घरून परत फोन. या वेळी झटके येत होते. आजोबा वाचले, पण तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. चूक माझी होती. गोळ्यांची पट्टी मी बघितलीच नव्हती, आणि मुलांना बसवून नीट समजावलंही नव्हतं. त्यानंतर पट्टी हातात आल्याशिवाय मी एकाही घरातून निघालो नाही. या गोळ्यांवरच्या माणसाला निदान 24 तास दवाखान्यात नजरेखाली ठेवावंच लागतं.

शुगर फार चढल्यावरचं काम वेगळं. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोराचा श्वास, मशीनवर नुसतं ‘हाय’. तिथे आम्ही सलाईन सुरू करून लगेच निघतो. इन्सुलिन गाडीत सहसा देत नाही, कारण त्याने रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने उतरू शकतं आणि ते तपासायची सोय दवाखान्यातच असते.

गाडी येईपर्यंत तुमच्या हातात काय आहे? वडील शुद्धीवर असतील आणि नीट गिळत असतील तर तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून द्या, 15 मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही नको, कुशीवर झोपवा. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

वडील इन्सुलिन घेत असतील तर बाटली आणि सिरिंज आजच शेजारी ठेवून बघा. आपल्याकडे 40 आणि 100 अशा दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, नारिंगी 100 साठी. 100 चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीचपट होतो. हे मी दोन घरांत पाहिलंय, आणि दोन्हीकडे मेडिकलमधून बाटली बदलून आल्याचं कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.