आधी हस्तलिखित, मग कॅटलॉग

अनेक आशीर्वाद.

लेखिका म्हणते हस्तलिखित जूनमध्ये देते, विक्रीवाल्यांना शरदाच्या कॅटलॉगात पुस्तकाचं नाव आत्ताच हवंय, आणि तू मधल्यामध्ये. नाव टाकू नकोस. पूर्ण हस्तलिखित हातात नसेल तर कॅटलॉगात एक ओळही नाही.

फिनलंडमध्ये प्रकाशकाचं वर्ष ऑक्टोबरपासून उलटं मोजायचं. ऑक्टोबरअखेर हेलसिंकीचा पुस्तकमेळा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी फादर्स डे, मागोमाग नाताळ. त्यासाठी सप्टेंबरात पुस्तक छापून हवं. छपाई एस्टोनिया-लाटव्हियात असेल तर वाहतुकीसह चार आठवडे धर. त्याआधी मांडणी, मुद्रितं. आणि मध्ये जुलै! संपादकापासून मुद्रितशोधकापर्यंत सगळे तळ्याकाठच्या मोक्कीवर, म्हणजे उन्हाळी घरात, सुट्टीला. फोन उचलणार नाहीत, उचलूही नयेत. जूनअखेरचं हस्तलिखित म्हणजे ऑगस्टचंच समज.

"तोवर मुखपृष्ठ छापून ठेवू" हेही नको. ३०४ पानं म्हणजे सोळापानी १९ फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा), १५२ कागद. कागद ०.१२ मिलिमीटरचा असेल तर पानांची जाडी सव्वाअठरा मिलिमीटर. लेखिकेने एक प्रकरण वाढवलं, दोन फर्मे चढले, की पुस्तकाचा कणा जवळजवळ दोन मिलिमीटर फुगला. मुखपृष्ठावरचं चित्र कण्यावर ओढलं जातं आणि छापलेली मुखपृष्ठं रद्दीत जातात. पुन्हा सांगतो: आधी हस्तलिखित.

फिनलंडिया, फिनलंडचा मोठा साहित्य पुरस्कार, हुकेल म्हणतोस? नामांकनं नोव्हेंबरच्या सुरुवातीला, निकाल महिनाअखेर, आणि विजेता ठरवणार एकच व्यक्ती. एकाच्या आवडीवर वर्षाचं वेळापत्रक बांधतात का? नामांकन मिळालंच तर त्याच दिवशी पुनर्मुद्रण सांग, कागद आधीच राखून ठेव. निकालाची वाट पाहिलीस तर प्रती नाताळ उलटल्यावर येतील.

मला हेकट म्हणतात. म्हणोत! जाहीर न केलेल्या पुस्तकाचा उशीर कुणाला कळत नाही. जाहीर केलेल्याची दुकानं आणि वाचनालयं आगाऊ मागणी नोंदवून बसतात, आणि मग खुलासे तुलाच करावे लागतात, विक्रीवाल्यांना नाही.

लेखिकेला आजच कळव, पुस्तक वसंताच्या यादीत. रागावेल, रागावू दे. शरदातली मोकळी जागा एखाद्या जुन्या कादंबरीच्या खिसा-आवृत्तीने, म्हणजे छोट्या पेपरबॅकने भर, तिचं हस्तलिखित तरी तयार आहे. फक्त करारात पेपरबॅकचे हक्क अजून आपल्याकडे आहेत ना, ते आधी बघ.