नव्या हेडफोनची वाट पाहताना

“मॅडम, एका वस्तूची वाट पाहण्यात माझे सात महिने गेले. हा छंद आहे, की मला काही झालं आहे?”

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत खुर्चीवर बसता बसता एका गृहस्थांनी मला हा प्रश्न विचारला. ती वस्तू म्हणजे एक हेडफोन होता, आणि तो अजून बाजारात यायचा होता. असाच प्रश्न मला कॅमेऱ्याची लेन्स, मनगटी घड्याळ किंवा मोटारसायकल यांच्या निमित्तानेही विचारला जातो. बहुतेक वेळा तो शौकिनाची पत्नी किंवा आई विचारते, आणि तिच्या आवाजात काळजीबरोबर थोडा रागही असतो. हे गृहस्थ मात्र स्वतःहून आले होते. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, मी हा अनुभव लिहीत आहे.

त्यांचे वय एक्केचाळीस, नोकरी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, पत्नी शाळेत शिक्षिका आणि मुलगी आठवीत. लहानपणापासून कान शास्त्रीय संगीतावर तयार झालेला. घरात दोन चांगले हेडफोन होते. त्यांतला एक सेनहायझर या जर्मन कंपनीचा एचडी ६००, जो १९९७ मध्ये बाजारात आला आणि ज्याला शौकीन अजूनही मानतात. दुसरा प्लॅनर मॅग्नेटिक प्रकारचा होता, म्हणजे ज्यात नेहमीच्या पडद्याऐवजी चुंबकांच्या रांगांजवळ ताणून बसवलेला सपाट, अतिशय पातळ पडदा थरथरतो. त्यांना आता हवा होता तो एका नामांकित कंपनीचा नवा, सर्वांत वरच्या श्रेणीतला हेडफोन. म्युनिकला मे महिन्यात भरलेल्या ‘हाय एंड’ या ध्वनिसाधनांच्या प्रदर्शनात त्याचा नमुना दाखवण्यात आला होता. किंमत आणि विक्रीची तारीख मात्र जाहीर झाली नव्हती.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांना सात महिने फार वाटतील, पण या शौकात वाट पाहण्याचे माप वर्षांचे असते. सेनहायझरचा एचडी ८०० हा २००९ मध्ये आला आणि त्याची सुधारित आवृत्ती, एचडी ८०० एस, २०१६ मध्ये आली. फोकाल या फ्रेंच कंपनीचा युटोपिया २०१६ मध्ये चार हजार डॉलरच्या घरातल्या किमतीला आला आणि त्याच नावाचा नवा हेडफोन निघायला २०२२ उजाडले. मधल्या काळात शौकिनांच्या हाती प्रदर्शनात टिपलेली छायाचित्रे, एखाद्या अभियंत्याचे मोघम उत्तर आणि बाकी सगळे अंदाज एवढेच असते. आमचे गृहस्थ रोज रात्री अकरापासून एक-दीड वाजेपर्यंत हे अंदाज वाचत, दोन छायाचित्रे शेजारी ठेवून कानाच्या गादीची जाडी ताडून पाहत आणि सकाळी डोळे चोळत कंपनीच्या बसमध्ये बसत.

माझा पहिला अंदाज चुकला, हे मला नोंदवले पाहिजे. मला वाटले, कामाचा ताण किंवा एकटेपणा असेल आणि हेडफोन ही त्यावर शोधलेली पळवाट असेल. पहिल्या दोन भेटी मी त्यांच्या कार्यालयाविषयी विचारण्यात घालवल्या. त्यांनी सौजन्याने सगळी उत्तरे दिली, पण कुठेच काही हाती लागले नाही. तिसऱ्या भेटीला मी त्यांना म्हणाले, “येताना तुमचा हेडफोन घेऊन या. तुम्ही काय ऐकता ते मलाही ऐकू द्या.”

ते एचडी ६०० घेऊन आले. पेटीचे झाकण उघडून त्यांनी तो दोन्ही हातांनी बाहेर काढला, मखमली गाद्यांवरचे केस रुमालाने टिपले, वायरवरची डावी-उजवी खूण पाहिली आणि मगच माझ्याकडे दिला. गाद्या वर्षानुवर्षांच्या वापराने बसल्या होत्या. जिथे कान टेकतात तिथे त्यांचा रंग उडाला होता. त्यांनी एक विलंबित ख्याल लावला. तानपुऱ्याचा आवाज माझ्या दोन्ही कानांच्या मागून उगवल्यासारखा आला, तारेतारेतली जवारी, म्हणजे तिची झणझणती आस, वेगळी ऐकू आली आणि डग्ग्याचा घुमारा पोटापर्यंत पोहोचला. मी डोळे मिटले. तेवढ्यात संगीत थांबले.

“ऐकलंत?” ते उत्साहाने म्हणाले. “समेवरचा तो घुमारा नव्या हेडफोनमध्ये आणखी खाली जाईल. आणि तानपुरा गायकाच्या मागे किती लांब बसलाय, तेही कळेल.”

त्यांनी तिसऱ्या मिनिटाला ध्वनिमुद्रण थांबवले होते. मी सहज विचारले, “पुढे काय होतं यात?”

ते उत्तर द्यायला गेले आणि थबकले. मग मी विचारले, “शेवटचा पूर्ण ख्याल कधी ऐकलात?” चष्मा काढून त्यांनी तो बराच वेळ पुसला आणि मनातल्या मनात महिने मोजले. गणपतीपासून त्यांनी काहीही शेवटपर्यंत ऐकले नव्हते. आमचे हे बोलणे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चालले होते.

मला जे सांगायचे आहे ते या क्षणापाशी आहे. वाट पाहणे हा काही दोष नाही. एखाद्या सुंदर वस्तूची वाट पाहण्यात माणसाच्या दिवसाला रंग येतो आणि तो हिरावून घेण्याचा समुपदेशकाला काही अधिकार नाही. परंतु ज्या गोष्टीसाठी ती वस्तू हवी आहे, तीच गोष्ट वाट पाहता पाहता मागे पडत असेल, तर तिथे थांबून पाहायला हवे. हे गृहस्थ गेले कित्येक महिने संगीत ऐकत नव्हते. ते संगीताचे तुकडे लावून हेडफोनमध्ये काय कमी आहे ते शोधत होते. प्रत्येक तुकडा त्यांना आहे त्या हेडफोनची उणीव सांगत होता आणि ते ती ऐकून पुन्हा बातम्यांकडे वळत होते.

असे का होते, हे त्यांना समजावताना मी वोल्फ्राम शुल्त्झ या मेंदूवैज्ञानिकाच्या माकडांवरील प्रयोगांचा आधार घेतला. माकडाला फळांच्या रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामीन हे रसायन स्रवणाऱ्या पेशी उद्दीपित होत. रसाआधी दर वेळी दिवा लागू लागल्यावर मात्र त्या पेशी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या. रस आला तेव्हा त्या जवळजवळ शांत राहिल्या, आणि अपेक्षित रस आला नाही तर त्यांचे काम नेहमीपेक्षाही मंदावले. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी हे स्पष्ट केले की, एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणे आणि ती मिळाल्यावर आवडणे यांची मेंदूतली यंत्रणा वेगवेगळी आहे, त्यामुळे आवड तेवढीच राहूनही हव्यास वाढत जाऊ शकतो. रात्री साडेबाराला दिसणारे प्रत्येक नवे छायाचित्र हा त्यांच्यासाठी लागलेला दिवा होता. रस कुठेच नव्हता. हे ऐकून ते म्हणाले, “म्हणजे मी दिव्याच्याच नादी लागलोय.”

“हे व्यसन आहे का?” या त्यांच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर दिले. खरेदीच्या अनावर ओढीचे वर्णन क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभीच ‘ओनिओमेनिया’ या नावाने केले होते. तरीही अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानसूचीत तिला स्वतंत्र विकार म्हणून स्थान नाही. त्यामुळे मी नावापेक्षा वागण्याकडे पाहते. कर्ज काढून खरेदी होते का? वस्तू न उघडता पडून राहतात का? घेण्याआधी असह्य तगमग आणि घेतल्यावर लगेच पश्चात्ताप, असे चक्र फिरत राहते का? यांपैकी काही असेल तर मी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सांगते. या गृहस्थांच्या बाबतीत यांतले काहीही नव्हते. एक गोष्ट मात्र होती: बाहेरची छोटी कामे करून त्यांनी एक लाख चाळीस हजार रुपये वेगळ्या खात्यात जमवले होते आणि त्याविषयी पत्नीला अवाक्षर सांगितले नव्हते. माझ्या लेखी हेडफोनच्या किमतीपेक्षा ही लपवाछपवी अधिक गंभीर होती.

पुढच्या भेटीला त्यांची पत्नीही आली. पैशांचे तिला ठाऊक होते. बँकेचा संदेश कधीतरी तिच्या दृष्टीस पडला होता. मला वाटले होते, ती त्यावरच बोलेल. ती म्हणाली, “पैसे तू कमावलेस, ते तुझे. पण या वर्षी सवाईची तिकिटं काढायला तू विसरलास. लग्न झाल्यापासून आपण एकही वर्ष चुकवलं नव्हतं. रमणबागेत भारतीय बैठकीवर बसून पाठ आखडायची, तरी तू उठायचा नाहीस. या वेळी महोत्सव होऊन गेला आणि तुझ्या लक्षातही आलं नाही.”

१९५३ पासून पुण्यात होत आलेला सवाई गंधर्व महोत्सव म्हणजे या दोघांसाठी डिसेंबर. उत्तम ध्वनीच्या शोधात रात्री जागवणारा माणूस समोर बसून गाणारा गायक ऐकायला विसरला, हे त्या खोलीत कोणी मोठ्याने म्हणाले नाही. त्यांनी मान खाली घातली आणि बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाले, “खरंच विसरलो गं.”

इथे कुटुंबीयांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. अशा वेळी घरचे लोक “इतक्या महाग हेडफोनने असा काय फरक पडतो?” या मुद्द्यावर वाद घालतात आणि हमखास हरतात, कारण शौकिनाला त्यातले कितीतरी अधिक कळते. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या ध्वनिसंशोधकांनी २८३ हेडफोनची मोजमापे तपासली आणि स्वरांच्या खालच्या-वरच्या पट्ट्यांतला समतोल व किंमत यांत त्यांना काहीही संबंध आढळला नाही. ही माहिती मला या गृहस्थांनीच दिली. दोन हेडफोनपैकी किंचित मोठा वाजणारा अधिक चांगला वाटतो आणि नुकत्याच ऐकलेल्या ध्वनीची हुबेहूब स्मृती काही सेकंदांतच विरते, हेही त्यांना पाठ होते. हे सगळे कळत असूनही त्यांची ओढ तसूभरही कमी झाली नव्हती. म्हणून वाद ध्वनीच्या दर्जाकडे नेऊ नये, आणि “खूळ” म्हणून हिणवू तर मुळीच नये. त्यांच्या कानाला जो फरक जाणवतो तो खरा असतो. बोलायचे असेल तर रात्रीच्या त्या दोन तासांविषयी, लपवलेल्या खात्याविषयी आणि चुकलेल्या बैठकीविषयी बोलावे.

आम्ही तिघांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. वेगळ्या खात्यातली रक्कम दोघांना माहीत असलेल्या खात्यात आली, हे सर्वांत सोपे निघाले. नव्या हेडफोनच्या बातम्या फक्त शनिवारी संध्याकाळी अर्धा तास पाहायच्या, हे सर्वांत अवघड गेले. आठवड्यातून तीन रात्री, आहे त्याच हेडफोनवर एक रचना मध्ये न थांबवता शेवटपर्यंत ऐकायची आणि वहीत दोन ओळी लिहायच्या, पण त्या गाण्याविषयी. ध्वनीविषयी एक शब्दही नाही. हेडफोन बाजारात आला की पहिल्याच दिवशी मागणी नोंदवायची नाही. मुंबईला जाऊन, आपलीच ध्वनिमुद्रणे नेऊन, आवाजाची पातळी सारखी ठेवून आधी ऐकायचे आणि त्यानंतर किमान पंधरा दिवस थांबायचे. याच ओघात मी त्यांना कानांची तपासणीही करून घ्यायला सांगितली, कारण जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी सुरक्षित मर्यादा सुचवली आहे आणि घुमारा शोधता शोधता हात आवाज वाढवण्याकडेच जातो. तपासणीत काही निघाले नाही.

पहिल्या आठवड्याची त्यांची वही कोरी होती. चौथ्या-पाचव्या मिनिटाला हात फोनकडे जातो, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सुचवले. दुसऱ्या आठवड्यात वहीत एक ओळ आली: “सतराव्या मिनिटाला अंतरा सुरू होतो. तिथे गायिका एका शब्दावर थांबते. हे ध्वनिमुद्रण माझ्याकडे नऊ वर्षे आहे.” ही ओळ त्यांनी मला वाचून दाखवली नाही, वही माझ्यापुढे सरकवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्यानंतर आम्ही आणखी चार वेळा भेटलो. शेवटच्या भेटीत ते दहा मिनिटे मारवा या रागाविषयी बोलत होते. सूर्य मावळतानाची ती अस्वस्थता षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, न विसावण्यातून कशी येते, हे त्यांना एका रात्री पूर्ण ऐकल्यावर उमगले होते. निघताना दाराशी त्यांना आठवण झाली आणि त्यांनी सांगितले की हेडफोनची तारीख जाहीर झाली होती आणि पुन्हा तीन महिने पुढे गेली आहे. मुंबईला ऐकायला जायचे ठरलेलेच आहे, आणि आता पत्नीही बरोबर जाणार आहे.

अलीकडे तिचा दूरध्वनी आला होता. आठवड्यातून एखाददुसरी रात्र तो अजूनही छायाचित्रे पाहत जागतो, असे ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. त्या रात्री कोणत्या, तेही तिला माहीत असते, कारण आता तो सांगून जागतो.